सीएसएमटीच्या जुन्या इमारतीवरील शिल्पे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरील शिल्पांविषयी वाचक जे प्रश्न सतत पाठवतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. 'इमारत' म्हणजे येथे दादाभाई नौरोजी मार्गाकडे तोंड करून उभी असलेली, घुमटाची, मूळ मुख्यालयाची वास्तू. लांब पल्ल्याच्या गाड्यांकडील भाग नंतरचा असून त्यावर असे शिल्पकाम नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात सापडत असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही इमारत कोणी आणि केव्हा बांधली? रेल्वे स्थानकावर एवढी शिल्पे कशासाठी?

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची 'जीआयपी', या कंपनीने ही इमारत बांधली. वास्तुविशारद होते फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि १८८८ मध्ये पूर्ण झाले. मधल्या काळात, म्हणजे १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिला 'व्हिक्टोरिया टर्मिनस' हे नाव देण्यात आले. खर्च सुमारे १६ लाख १४ हजार रुपये झाला. सीताराम खंडेराव वैद्य हे सहायक अभियंता आणि एम. एम. जनार्दन हे पर्यवेक्षक या कामावर होते. ही दोन नावे स्टीव्हन्स यांच्या नावाबरोबर फार क्वचित घेतली जातात.

शिल्पांचे कारण समजण्यासाठी ही इमारत केवळ स्थानक नव्हती, हे आधी लक्षात घ्यावे लागते. प्रवासी गाड्या मागच्या बाजूला उभ्या राहत आणि रस्त्याकडची ही सारी भव्यता कंपनीच्या कचेरीची होती. ज्या शैलीत ती बांधली गेली, त्या व्हिक्टोरियन गॉथिक शैलीत कोरीवकाम म्हणजे बांधकाम संपल्यावर चढवलेला दागिना नसतो. खांबाचा माथा, कमानीची पाठ, पाणी बाहेर टाकणारी पन्हळ असा इमारतीचा प्रत्येक कामाचा अवयव कोरण्याची जागा मानला जातो. त्यातच कोरीवकाम करू शकणारी एक कलाशाळा थोड्याच अंतरावर होती (प्रश्न ९ पाहा).

२. घुमटावर उभी असलेली स्त्री राणी व्हिक्टोरियाच ना?

नाही. हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि यातला गैरसमज छापील मजकुरातही आढळतो. ती कोणी ऐतिहासिक व्यक्ती नसून 'प्रगती' या कल्पनेची मूर्ती आहे. तिच्या उंचावलेल्या उजव्या हातात मशाल आहे आणि डाव्या हाताशी आऱ्यांचे चाक आहे. मशाल ज्ञानाच्या उजेडाची आणि चाक गतीचे, असा अर्थ सहज लागतो. रेल्वे कंपनीच्या डोक्यावर चाक असावे यात नवल नाही. मूर्तीची उंची सुमारे साडेसोळा फूट आहे, म्हणजे तिच्या शेजारी उभा राहिलेला माणूस तिच्या गुडघ्याच्या थोडाच वर पोहोचेल. रस्त्यावरून ती लहान दिसते, कारण ती ज्या अष्टकोनी, फासळ्यांच्या दगडी घुमटावर उभी आहे तोच फार उंच आहे.

लंडनचे शिल्पकार टॉमस अर्प यांनी ही मूर्ती घडवली. लंडनमधील चेअरिंग क्रॉस स्थानकासमोरच्या एलिनॉर क्रॉस या उंच दगडी स्मारकावरील शिल्पकामही अर्प यांचेच आहे. रेल्वेच्या दारात उभे राहणारे शिल्प घडवण्याची त्यांची ही पहिली वेळ नव्हती.

३. हातात मशाल आहे, मग ती न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेची नक्कल आहे का?

तसे म्हणण्यास आधार नाही. न्यूयॉर्कच्या पुतळ्याचे लोकार्पण ऑक्टोबर १८८६ मध्ये झाले, म्हणजे दोन्ही कामे जवळपास एकाच काळातली आहेत. एखादी अमूर्त कल्पना स्त्रीरूपात दाखवणे आणि तिच्या हातात मशाल देणे, ही युरोपीय शिल्पकलेतील फार जुनी पद्धत आहे व दोन्ही शिल्पे तिच्यातूनच आली आहेत. फरक पाहायचा असेल तर डावा हात पाहावा : तिकडे पाटी आहे, इकडे चाक.

४. मग राणीचा पुतळा होता तरी कुठे? आता तो कुठे आहे?

रस्त्याकडच्या मुख्य दर्शनी भागात, घुमटाच्या पुढे असलेल्या मोठ्या घड्याळाखालच्या कोनाड्यात राणीचा पुतळा उभा होता. स्वातंत्र्योत्तर काळात तो तेथून काढण्यात आला आणि त्यानंतर त्याचे काय झाले याचा उलगडा झालेला नाही. त्याच्याविषयी अधूनमधून ज्या सुरस कथा फिरतात त्यांपैकी एकीलाही पुरावा नाही, म्हणून त्या येथे दिलेल्या नाहीत. साम्राज्यकाळातील इतरही पुतळे शहरातल्या चौकांमधून हलवले गेले. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे ज्याच्यावरून 'काळा घोडा' हे नाव पडले तो पुतळा, १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. फरक एवढाच की त्याचा पत्ता माहीत आहे, या राणीचा नाही.

५. चापेकरांनी डांबर फासले तो पुतळा हाच का?

नाही. दामोदर हरी चापेकर यांनी १८९६ मध्ये विद्रूप केलेला पुतळा रस्त्यावर स्वतंत्रपणे उभा असलेला, मॅथ्यू नोबल यांनी घडवलेला संगमरवरी पुतळा होता. १८७२ मध्ये बसवलेल्या या पुतळ्याचा खर्च बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी केला होता. सीएसएमटीच्या पुतळ्याशी त्याचा संबंध केवळ राणी एकच असण्यापुरता आहे.

६. फाटकाच्या खांबांवरील सिंह आणि वाघ यांचा अर्थ काय?

सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा, असा त्यांचा रूढ अर्थ आहे. ही दोन्ही शिल्पेही अर्प यांची आहेत. आजच्या प्रेक्षकाचा येथे गोंधळ होतो, कारण सिंह म्हटला की आपल्याला सारनाथचा स्तंभशीर्ष आणि आपली राजमुद्रा आठवते. परंतु राजमुद्रा म्हणून सारनाथच्या सिंहांची निवड स्वातंत्र्यानंतरची आहे. १८८० च्या दशकात ब्रिटिश कंपनीच्या दारावरचा सिंह ब्रिटनचाच असणार.

दारावर श्वापद बसवून सत्ता सांगण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजावर हत्तींना पंजांत धरून ठेवलेले वाघासारखे श्वापद आहे आणि महाराष्ट्रातील कितीतरी किल्ल्यांच्या दारांवर शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक पशू, आहेत. तेथे एक प्राणी दुसऱ्याला चिरडतो आणि कोण कोणावर भारी आहे हे उघड सांगतो. येथे मात्र दोन्ही प्राणी समान खांबांवर बसले आहेत आणि कोणीही कोणाला पायाखाली घेतलेले नाही. राज्य कोणाचे होते हे जगाला ठाऊक असताना दगडात मात्र बरोबरी दाखवावी, हा त्या काळच्या साम्राज्याचा खास शिष्टाचार होता. किल्ल्यावरचा शरभ त्यापेक्षा प्रामाणिक वाटतो, हे आमचे मत.

७. छताच्या त्रिकोणी शिखरांवरील मानवी आकृती कोणाच्या आहेत?

त्याही व्यक्ती नसून कल्पना आहेत : शेती, व्यापार, अभियांत्रिकी आणि विज्ञान. रेल्वेमुळे कशाची भरभराट होणार, असे कंपनी शहराला सांगत होती, त्याची ही दगडी यादी आहे. यातील शेती आणि व्यापार यांची जोडी मुंबईला अगदी चपखल बसते, कारण दख्खन आणि वऱ्हाडातला कापूस बंदरापर्यंत आणणे हे या लोहमार्गाच्या मुख्य कामांपैकी एक होते. आकृती ओळखायच्या असतील तर चेहऱ्याकडे न पाहता हातातल्या वस्तूंकडे पाहावे. आपल्या मूर्तिशास्त्रात आयुधांवरून देव ओळखतात तसेच हे आहे. मात्र येथे दुर्बीण हवी.

८. भिंतीवरील गोल चौकटींतले चेहरे कोणाचे? त्यांत नाना शंकरशेट आहेत, हे खरे का?

खरे आहे. दर्शनी भिंतीवर उठावात कोरलेली काही व्यक्तिचित्रे आहेत आणि ती कल्पनांची नसून खऱ्या माणसांची आहेत. त्यांत लॉर्ड डलहौसी व सर बार्टल फ्रिअर यांसारखे राज्यकर्ते आहेत, तसेच रेल्वे कंपनीचे पदाधिकारी आहेत. याच मालिकेत जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई हे दोन मुंबईकरही आहेत. मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून ज्यांनी पुढाकार घेतला त्यांत हे दोघे अग्रभागी होते आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून, म्हणजे याच परिसरातील जुन्या स्थानकाहून, ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीत नाना बसले होते.

येथे दोन गोष्टींची नोंद घ्यायला हवी. पहिली अशी की जीजीभाई १८५९ मध्ये आणि नाना १८६५ मध्ये वारले, म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीच. तेव्हा हे चेहरे त्यांना समोर बसवून नव्हे, तर उपलब्ध चित्रे किंवा पुतळे पाहूनच कोरलेले असणार. दुसरी अशी की ज्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी या इमारतीचे कोरीवकाम केले, ती शाळा जीजीभाईंच्याच एक लाख रुपयांच्या देणगीतून उभी राहिली होती.

९. हे सारे कोरीवकाम प्रत्यक्ष कोणी केले?

याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते आणि आमच्या दृष्टीने या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे.

वर, आभाळाला भिडलेली प्रगतीची मूर्ती आणि फाटकावरचे दोन प्राणी ही एका नामांकित इंग्लिश शिल्पकाराची कामे आहेत. त्यांच्यावर त्याचे नाव आहे. परंतु इमारतीचा उरलेला अफाट पृष्ठभाग, म्हणजे खांबांचे माथे, कमानींच्या आतील अर्धवर्तुळाकार फलक, पानाफुलांचे पट्टे, जाळ्या, प्राणी, पक्षी, हे सारे मुख्यतः मुंबईच्या कलाशाळेच्या, म्हणजे आजच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या, विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या या शाळेत त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स प्रमुख होते आणि काम त्यांच्या देखरेखीखाली झाले. हेच ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत होते. म्हणजे ज्या वर्षांत शाळेतील काही जण अजिंठ्याच्या लेण्यांत बसून तेथील हत्ती, माकडे, हंस आणि वेली कागदावर व कापडावर उतरवत होते, त्याच वर्षांत बोरीबंदरला प्राणी आणि वेली दगडात उतरत होत्या. अमुक एक मोर अजिंठ्यातून आला, असे म्हणण्याइतका पुरावा नाही आणि तसे म्हणूही नये. पण जिवंत प्राण्याकडे बारकाईने पाहण्याची आणि रेषेत लय आणण्याची जी सवय अजिंठ्यासमोर बसून लागते, ती या भिंतींवर दिसते, असे आम्हाला वाटते.

या विद्यार्थ्यांची आणि त्यांच्याबरोबर राबणाऱ्या पाथरवटांची नावे इमारतीवर कोठेही कोरलेली नाहीत. म्हणून घुमटाचे छायाचित्र काढून निघून जाणाऱ्यांना आमची सूचना एवढीच असते की मान खाली आणावी. या इमारतीचे उत्तम शिल्पकाम घुमटावर नसून पहिल्या दोन मजल्यांच्या उंचीवर आहे.

१०. जंगल बुक लिहिणाऱ्या किपलिंगच्या वडिलांनी हे प्राणी कोरले, असे ऐकले आहे. ते खरे का?

हे कालगणनेत बसत नाही. लॉकवुड किपलिंग १८६५ ते १८७५ या काळात मुंबईच्या कलाशाळेत शिकवत होते आणि १८७५ मध्ये ते लाहोरला गेले. या इमारतीचे काम सुरू झाले १८७८ मध्ये. त्यांनी घडवलेल्या विद्यार्थ्यांची परंपरा येथे पोहोचली, एवढे म्हणता येईल. त्यांचे स्वतःचे काम पाहायचे असेल तर चालत थोडे पुढे क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईला जावे. तेथे प्रवेशद्वारांच्या वर शेतकरी आणि बाजाराच्या दृश्यांची त्यांची उठावशिल्पे आहेत, शिवाय आतील कारंज्यावरील शिल्पकामही त्यांचेच आहे. कानोकानी हे दोन्ही पत्ते एक झाले असावेत.

११. कोणकोणते प्राणी आहेत आणि ते नेमके कुठे शोधावेत?

संपूर्ण यादी देण्याचा मोह आम्ही टाळतो, कारण शोधण्यातच खरी गंमत आहे. तरी पहिल्यांदा येणाऱ्याला दिशा हवी म्हणून थोडे सांगतो.

सर्वांत प्रसिद्ध आहे तो मोर. खिडकीवरच्या टोकदार कमानीच्या आत जो फलक उरतो त्यात पिसारा फुललेला मोर बसवला आहे. कमानीचा आकार आणि पिसाऱ्याचा आकार एकमेकांसाठीच जन्मल्यासारखे जुळतात. गॉथिक कमान युरोपातून आली, मोर येथला. पण दोघांचा सांधा कुठे आहे हे दाखवता येत नाही. या इमारतीचे सारे कौशल्य एका जागी पाहायचे असेल तर हाच फलक पाहावा.

माकडे, घुबडे, पोपट, खारी, मुंगूस, साप, उंदीर, मांजरे ही मंडळी मात्र दडून बसलेली आहेत. ती खांबांच्या माथ्यांवरील पानांच्या घोसांत, कमानी जेथून उगवतात त्या बेचक्यांत आणि पट्ट्यांच्या टोकांना सापडतात. लांबून जे केवळ पानांचे नक्षीकाम दिसते, त्यात जवळ गेल्यावर एखादे शेपूट दिसते आणि शेपटाचा माग घेतला की प्राणी सापडतो. पानेही निरखावीत, कारण युरोपातील गॉथिक इमारतींवर नेहमी दिसणारी पाने येथे आहेतच, पण त्यांच्यात येथल्या झाडपाल्याचीही सरमिसळ आहे.

मोठे प्राणी वर, पन्हळींच्या आणि मनोऱ्यांच्या कोपऱ्यांशी आहेत. त्यांच्याविषयी पुढचा प्रश्न पाहा.

१२. भिंतीतून बाहेर झेपावणारी मगरींसारखी तोंडे म्हणजे गार्गॉइल का? ती कशासाठी असतात?

होय. पण गार्गॉइल हा शब्द आपण फार ढिलेपणाने वापरतो. ज्या शिल्पाच्या आतून पाण्याचा मार्ग जातो आणि ज्याच्या तोंडातून छपरावरचे पावसाचे पाणी भिंतीपासून लांब फेकले जाते, तेच खरे गार्गॉइल. तसेच दिसणारे पण आत मार्ग नसलेले शिल्प ही निव्वळ सजावट असते. या इमारतीवर दोन्ही प्रकार आहेत आणि खालून पाहून फरक ओळखणे नेहमीच शक्य होत नाही. भर पावसात तो आपोआप कळतो, निदान ज्या पन्हळी आजही मोकळ्या आहेत त्यांच्या बाबतीत.

ही युक्तीही आपल्याला परकी नाही. देवळाच्या गाभाऱ्यातील अभिषेकाचे पाणी मकरमुखातून किंवा गोमुखातून बाहेर पडते, ते तत्त्व हेच. म्हणूनच बहुधा येथल्या कारागिरांच्या हातून उतरलेली मगर युरोपातील राक्षसी गार्गॉइलांपेक्षा मकराच्या जास्त जवळ जाते. युरोपात या शिल्पांना भीतिदायक रूप देण्याकडे कल होता, तर येथे बरेचसे प्राणी केवळ प्राणी आहेत.

१३. एवढे देशी प्राणी आणि देशी कारागीर असताना हिला 'गॉथिक' म्हणावे की 'भारतीय'?

युनेस्कोने २ जुलै २००४ रोजी या इमारतीला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो व्हिक्टोरियन गॉथिक आणि भारतीय पारंपरिक वास्तुकला यांच्या मिलाफासाठीच. तेव्हा या दोहोंतून एकाची निवड करण्याची गरज नाही. मात्र हा मिलाफ सर्वत्र सारख्या प्रमाणात झालेला नाही, हे सांगायला हवे. इमारतीचा आराखडा, कमानी, घुमटाची कल्पना आणि उंचावरील रूपकात्मक मूर्ती युरोपीय आहेत; जसजसे खाली आणि तपशिलात जावे तसतसा येथला हात वाढत जातो. जो भाग आधी कागदावर पक्का ठरला तो परदेशी आणि जो भाग दगडासमोर बसून ठरला तो आपला, असे ढोबळपणे म्हणता येईल. नियमाला अपवाद आहेतच.

१४. शिल्पे कोणत्या दगडाची आहेत?

इमारतीच्या बांधकामात वालुकाश्म आणि चुनखडीचा दगड मिसळून वापरला आहे. आतील सजावटीत इटालियन संगमरवरही आहे. मुंबईच्या भूमीचा स्वाभाविक दगड काळा बसाल्ट, पण तो इतका कठीण असतो की त्यात खारीची शेपटी काढणे म्हणजे पाथरवटाची परीक्षाच. म्हणून त्या काळातील मुंबईच्या गॉथिक इमारतींत नाजूक कोरीवकामासाठी समुद्रमार्गे आणलेला पोरबंदरचा चुनखडीचा दगड सर्रास वापरला जाई. तो छिन्नीला मऊ लागतो आणि बारीक तपशील धरतो. त्याच्या याच गुणातून पुढच्या प्रश्नातील दुखणे निर्माण होते.

१५. काही चेहरे आणि पाने झिजून गुळगुळीत झाली आहेत, काही काळी पडली आहेत. असे का?

कारणे एकाहून अधिक आहेत आणि ती एकमेकांना मदत करतात. चुनखडीचा दगड आम्लात विरघळतो. वाहने आणि कारखाने यांच्या धुरातील गंधकाची संयुगे ओलाव्याशी मिळून सौम्य आम्ल बनवतात आणि त्याची दगडाशी क्रिया होऊन पृष्ठभागावर जिप्समचा थर तयार होतो. पाऊस जेथे थेट लागतो तेथे हा थर धुऊन जातो आणि त्याबरोबर नाकडोळेही जातात. जेथे पाऊस पोहोचत नाही अशा कोपऱ्यांत तोच थर काजळी धरून काळा होतो. म्हणूनच एकाच शिल्पाची एक बाजू गोरी पण झिजलेली आणि दुसरी काळी पण शाबूत, असे दृश्य दिसते.

याखेरीज समुद्राची खारी हवा आहे. मीठ दगडाच्या छिद्रांत शिरते, सुकताना त्याचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दगड जोडण्यासाठी जेथे लोखंडी खिळे किंवा पट्ट्या घातल्या जातात तेथे त्या गंजून फुगतात आणि दगडाला आतून चीर पाडतात. आणि पक्ष्यांनी टाकलेल्या बीमधून फटीत उगवलेला पिंपळ तर मुंबईच्या कोणत्याही जुन्या इमारतीचा जुना वैरी आहे. वरून कापला तरी मुळे आत वाढत राहतात.

१६. मग सगळे स्वच्छ धुऊन, वरून रंग किंवा पॉलिश का लावत नाहीत? सिमेंटने भेगा का बुजवत नाहीत?

हेतू चांगला असला तरी यातला प्रत्येक उपाय रोगापेक्षा महाग पडतो. जोराच्या फवाऱ्याने काजळीबरोबर दगडाचा वरचा थरही निघतो, तर आम्लाने चुनखडीचे काय होते ते वरच्या उत्तरात आले आहेच. रंग किंवा चकाकीचा थर दगडाची छिद्रे बंद करतो. आत शिरलेला ओलावा मग बाहेर पडू शकत नाही आणि थराच्या मागे दगड भुसभुशीत होतो. सिमेंट जुन्या दगडापेक्षा कठीण आणि कमी सच्छिद्र असते. भिंत उन्हापावसात फुगते-आकसते तेव्हा सिमेंट दबत नाही, शेजारचा दगड फुटतो. म्हणून अशा इमारतींच्या दुरुस्तीत चुन्याचा गिलावा आणि चुन्याचेच सांधे वापरतात. चुना दगडाआधी झिजतो आणि तो झिजावा हीच अपेक्षा असते, कारण सांधा पुन्हा भरता येतो, मोराची मान पुन्हा येत नाही.

१७. तुटलेला भाग नव्याने कोरून बसवला तर ते शिल्प 'मूळ' राहते का?

संवर्धनाच्या क्षेत्रातही यावर एकमत नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेत मांडलेले तत्त्व असे की नवा भाग संपूर्णाशी सुसंगत दिसावा, पण जवळून पाहिल्यास तो नवा आहे हे ओळखता यावे; जुने आणि नवे यांत फसवणूक नको. पट्ट्यातील एखादे पान गळले असेल तर हे सोपे असते, कारण तसेच पान शेजारी आहे. व्यक्तिचित्राचे नाक गेले असेल तर प्रश्न अवघड होतो. विश्वासार्ह जुने छायाचित्र नसेल तर नाक नसलेलेच ठेवावे, या मताचे आम्ही आहोत. जे काम भार पेलते किंवा पाणी वाहून नेते (प्रश्न १२) ते मात्र बदलावेच लागते, कारण तुंबलेल्या एका पन्हळीमुळे खालची दहा शिल्पे भिजत राहतात.

१८. ही इमारत पुरातत्त्व खात्याकडे आहे का? ओव्हल मैदानाभोवतीच्या जागतिक वारशात हिचा समावेश होतो का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे. इमारतीची मालकी रेल्वे मंत्रालयाकडे असून ती रोजच्या वापरात आहे. महाराष्ट्राच्या वारसा नियमांनुसार ती पहिल्या श्रेणीची वास्तू आहे, त्यामुळे तिच्या बाह्यरूपात मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. ओव्हल मैदानाच्या परिसरातील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत स्वतंत्रपणे दाखल झाला. राजाबाई टॉवर त्या समूहात आहे, सीएसएमटी त्याच्या आधीपासूनच स्वतंत्र नोंद आहे.

१९. पंख असलेली स्त्री, हातात रेल्वे इंजिन घेतलेली स्त्री आणि वेगवेगळ्या जातींचे पोशाख घातलेले पुतळे या इमारतीवर सापडत नाहीत. ते कुठे आहेत?

ते तीन वेगवेगळ्या इमारतींवर आहेत. पंखांची आकृती समोरच्या महापालिकेच्या मुख्यालयावर आहे. १८९३ मध्ये पूर्ण झालेली ही इमारतही स्टीव्हन्स यांचीच असून ती आकृती 'हिंदुस्थानातील पहिले शहर' या मुंबईच्या बिरुदाचे रूपक आहे. इंजिन घेतलेली आकृती चर्चगेटसमोरच्या पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयावर आहे. तीही स्टीव्हन्स यांच्याच इमारतीवर. पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातींचे २४ पुतळे राजाबाई टॉवरवर आहेत. ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले आणि अशा कामावर एका देशी शिल्पकाराचे नाव टिकून राहिल्याचे ते दुर्मीळ उदाहरण आहे.

२०. शिल्पे पाहण्यासाठी कोणती वेळ आणि कोणती जागा चांगली? छायाचित्रे काढता येतात का?

दर्शनी भाग पश्चिमेकडे असल्यामुळे सकाळी तो सावलीत असतो आणि दुपारनंतर उजळतो. उठावशिल्पांसाठी कललेले ऊन हवे, म्हणून उतरत्या दुपारची वेळ सर्वांत चांगली. रात्रीची रोषणाई इमारतीला शोभते, पण कोरीवकामाच्या बारकाव्यांना ती मारक आहे. घुमट आणि शिखरे महापालिकेच्या कोपऱ्यावरून पाहावीत. मोर आणि खारी मात्र रस्ता ओलांडून कुंपणाजवळ गेल्याशिवाय दिसणार नाहीत.

बाहेरच्या सार्वजनिक पदपथावरून हौशी छायाचित्रे काढण्यास सहसा अडचण येत नाही. व्यावसायिक चित्रीकरणासाठी रेल्वेची परवानगी लागते आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. कचेरीच्या भागात थेट प्रवेश नसतो. आतील वारसा संग्रहालयाच्या भेटीच्या वेळा बदलत असल्याने आधी चौकशी करूनच जावे. ज्याला काहीच जमत नाही त्याने लोकलचे तिकीट काढण्याच्या निमित्ताने स्टार चेंबरमध्ये उभे राहावे. छतावरील ताऱ्यांवरून हे नाव मिळालेल्या या दालनातील खांबांचे माथे रांगेतून आरामात पाहता येतात, आणि रांग बहुधा पुरेशी लांब असते.

२१. स्थानकाचे नाव बदलले तेव्हा शिल्पांतही काही बदल झाले का?

१९९६ मध्ये स्थानकाला छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळाले आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्द आला. दोन्ही वेळा बदलल्या त्या पाट्या. दगडी शिल्पांना हात लागला नाही. राणीचा पुतळा त्याआधीच गेला होता (प्रश्न ४). जीआयपी कंपनीचा कारभार १९२५ मध्ये सरकारने आपल्याकडे घेतला आणि १९५१ मध्ये मध्य रेल्वे अस्तित्वात आली, तरी त्या कंपनीची चिन्हे इमारतीवर आणि रंगीत काचांत आजही आहेत. ती काढून टाकावीत का, असे विचारणारी पत्रे येतात. वारसा नियमांमुळे (प्रश्न १८) तसे करणे शक्य नाही. शिवाय ती चिन्हे काढली तर त्यांच्याभोवती वेढलेल्या वेली आणि पानेही काढावी लागतील, आणि ती कंपनीची नाहीत.